सभेत बोललेले पुढे कुठे जाते? नागरिक मंचांचे कामकाज समजून घेताना

आपल्या भागातील नागरिक मंचाच्या सभेला पहिल्यांदाच गेलेला माणूस बहुधा एखादी तक्रार घेऊन गेलेला असतो. पदपथ खोदून ठेवला आहे, पाणी पहाटे चारला येते, शाळेसमोर रस्ता ओलांडता येत नाही. तो उठून बोलतो, आजूबाजूचे लोक माना डोलावतात, पाहुणा म्हणून आलेला महापालिकेचा अधिकारी वहीत काहीतरी टिपून घेतो आणि चहा होऊन सभा संपते. दोन महिन्यांनी पदपथ तसाच असतो, आणि अशा सभांनी काही होत नाही हे त्या माणसाचे मत कायमचे ठरून जाते. मला हे मत चुकीचे वाटते, पण ते कसे तयार होते हे समजण्यासारखे आहे. तो ज्या सभेत बोलला तिला निर्णयाचा अधिकार नव्हता, तो अधिकार असलेली सभा निराळी होती, तिची तारीख निराळी होती, आणि पहिल्या सभेतले बोलणे दुसऱ्या सभेपर्यंत नेण्यासाठी मधली बरीच कागदोपत्री वाट कोणीतरी चालावी लागते, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

तीन निराळ्या सभा

सार्वजनिक प्रश्नांवरच्या सभा वरून सारख्या दिसत असल्या, तरी कायद्याच्या दृष्टीने त्यांत मोठा फरक असतो. पहिला प्रकार कायद्यानेच घडवलेल्या सभांचा. खेड्यातील ग्रामसभा हे त्याचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण. तिथे गावातील प्रत्येक मतदार सदस्य असतो, महाराष्ट्रात गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तितके लोक हजर असावे लागतात, आणि ग्रामसभेच्या ठरावाला कायद्यात स्थान असते. शहरांसाठी ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या आणल्या. ही दुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली आणि तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत अशा समित्या बंधनकारक झाल्या. पण ग्रामसभा आणि प्रभाग समिती यांची तुलना करता येत नाही. प्रभाग समितीत त्या हद्दीतले नगरसेवक असतात, क्षेत्रीय कार्यालयाचा अधिकारी असतो, आणि महाराष्ट्रातील महापालिका कायद्यानुसार मान्यताप्राप्त स्वयंसेवी किंवा वस्तीपातळीवरच्या संस्थांमधून जास्तीत जास्त तीन सदस्य नेमता येतात. समितीच्या हद्दीत दोन-अडीच लाख लोक राहत असतील, तर निवडणूक न लढवता तिथे बसू शकणारे नागरिक तीनच, आणि त्यांची निवडही नगरसेवकांनी केलेली.

ही उणीव भरून काढण्यासाठी २००९ मध्ये महाराष्ट्राच्या कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद करण्यात आली. त्या काळी केंद्राच्या जवाहरलाल नेहरू नागरी अभियानाचा निधी मिळवण्यासाठी राज्यांना लोकसहभागाचा कायदा करण्याची अट होती, आणि या तरतुदीमागे ती अट होती. एका किंवा अधिक मतदान केंद्रांची हद्द म्हणजे एक क्षेत्र, आणि तेथील सर्व मतदार हे क्षेत्रसभेचे सदस्य, अशी ती कल्पना आहे. कागदावर ही शहरातली ग्रामसभाच झाली. प्रत्यक्षात आपल्या शहरांतील बहुतेक नागरिकांनी क्षेत्रसभा भरलेली कधी पाहिलेली नाही, आणि आपल्या नागरी कारभारात राहून गेलेल्या गोष्टींपैकी ही मला सर्वांत मोठी वाटते.

दुसऱ्या प्रकारात प्रशासन स्वतःहून लोकांना ऐकण्यासाठी बोलावते. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी होणारा लोकशाही दिन, विकास आराखड्यावरील हरकतींची सुनावणी आणि मोठ्या प्रकल्पांसाठी होणारी पर्यावरणविषयक जनसुनावणी या प्रकारात येतात. जनसुनावणीला केंद्राच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार किमान तीस दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते, तिचे अध्यक्षस्थान जिल्हाधिकारी किंवा त्यांचा वरिष्ठ प्रतिनिधी भूषवतो, आणि तिला गणपूर्तीची अट नसते. या शेवटच्या गोष्टीचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. दहा माणसे आली तरी सुनावणी झाली असे धरले जाते, त्यामुळे निषेध म्हणून घरी बसणाऱ्या गावाची नोंद कुठेच होत नाही, आणि जाऊन बोलणाऱ्याचे म्हणणे मात्र इतिवृत्तात उतरते.

तिसरा प्रकार नागरिकांनी आपणहून बोलावलेल्या सभांचा, आणि या लेखाचा मुख्य विषय तोच आहे. मुंबईत १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात घाटकोपरच्या जोशी लेनमधून सुरू झालेली ‘एएलएम’ची (अॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट) पद्धत, म्हणजे एका गल्लीतील रहिवाशांनी एकत्र येऊन ओला-सुका कचरा वेगळा करणे आणि वॉर्ड ऑफिसशी नियमित बोलत राहणे, ही त्यातलीच. पुण्यात क्षेत्रीय कार्यालयात अधिकारी आणि नागरिक यांची जी नियमित बैठक होते तिला मोहल्ला कमिटी म्हणतात. मुंबईत हेच नाव १९९२-९३ च्या दंगलींनंतर पोलीस आणि दोन्ही समाजांतील लोक यांच्यात संवाद राहावा म्हणून उभ्या राहिलेल्या समित्यांना मिळाले, त्यामुळे दोन शहरांतील माणसे हा शब्द वापरतात तेव्हा ती वेगवेगळ्या गोष्टींविषयी बोलत असतात. या सर्व मंचांत एक गोष्ट समान आहे. त्यांना रुपयाही खर्च करण्याचा किंवा कोणाला आदेश देण्याचा अधिकार नाही. त्यांचे जे काही बळ आहे, ते त्यांच्याकडच्या माहितीत आहे, ते कोणाच्या वतीने बोलतात यात आहे, आणि त्यांनी मागे ठेवलेल्या कागदात आहे.

शाळेसमोरच्या रस्त्याचे उदाहरण

हे बळ कसे वापरले जाते ते पाहण्यासाठी वर उल्लेख केलेला शाळेसमोरचा रस्ताच घेऊ. समजा, सभेत एका आईने सांगितले की सकाळी सातच्या सुमारास तिथे वाहने इतक्या वेगाने येतात की मुलांना रस्ता ओलांडणे अवघड होते. सभेत यावर अर्धा तास चर्चा होऊ शकते आणि तिच्यातून काहीही निघणार नाही, कारण पहिला प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो. रस्ता कोणाचा? तो महापालिकेचा असेल तर पथ विभागाकडे जावे लागेल. राज्य महामार्गाचा भाग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाकडे जावे लागेल, आणि महापालिकेच्या अभियंत्याने कितीही आस्थेने ऐकून घेतले तरी त्याच्या हातात काही नसेल. पांढरे पट्टे रंगवणे महापालिकेचे काम असते, पण वाहतुकीचे नियमन बदलायचे असेल, उदाहरणार्थ उजवे वळण बंद करायचे असेल, तर वाहतूक पोलिसांची भूमिका निर्णायक ठरते. म्हणून चांगला मंच सभेनंतरच्या आठवड्यातच एका माणसावर हे शोधण्याची जबाबदारी टाकतो आणि पुढच्या सभेत त्याच्याकडून उत्तर घेतो.

दुसरी पायरी मोजणीची. शाळा भरताना आणि सुटताना किती मुले रस्ता ओलांडतात, किती वाहने जातात, सर्वांत जवळचे ओलांडण्याचे ठिकाण किती अंतरावर आहे, हे चार स्वयंसेवक आठवडाभरात मोजू शकतात. “तिथे फार गर्दी असते” या वाक्याला कार्यालयात काही उत्तर द्यावे लागत नाही, पण तारीख-वार आकड्यांच्या तक्त्याला द्यावे लागते, निदान तो चुकीचा आहे असे तरी लिहावे लागते. मोजणीने मंचाचेही भले होते, कारण कित्येकदा मोजल्यावर लक्षात येते की अडचण वेगाची नसून शाळेच्या बस जिथे उभ्या राहतात त्या जागेची आहे, आणि तिचा तोडगा महापालिकेकडे नसून मुख्याध्यापकांच्या कार्यालयात आहे.

तिसरी पायरी वेळेची, आणि बहुतेक मंच इथेच चुकतात. महापालिकेचे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते, आयुक्त जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास अंदाजपत्रक मांडतात, आणि त्याची तयारी त्याच्याही कित्येक महिने आधीपासून चाललेली असते. कनिष्ठ अभियंत्याने जागा पाहून पूर्वगणनपत्रक, म्हणजे कामाच्या खर्चाचा तपशीलवार अंदाज, तयार केल्याशिवाय काम अंदाजपत्रकात जात नाही. त्यानंतर निविदा निघते, ठेकेदार ठरतो, कार्यादेश दिला जातो. फेब्रुवारीत केलेली मागणी त्यामुळे पुढच्या वर्षाच्या वाटेवर जाते, नाहीतर वर्गीकरणाच्या वाटेवर, म्हणजे एका कामासाठी ठेवलेला पैसा दुसऱ्या कामाकडे वळवण्याच्या प्रस्तावावर अवलंबून राहते. तोच प्रश्न ऑगस्टमध्ये लेखी गेला तर तो अंदाजपत्रकात थेट बसू शकतो.

पुणे महापालिकेने २००६-०७ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक बनवण्याची जी पद्धत सुरू केली, तिचे महत्त्व याच ठिकाणी आहे. लोकसहभागी अंदाजपत्रकाची मूळ कल्पना ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहराची. तिथे ती १९८९ मध्ये सुरू झाली आणि वस्त्यावस्त्यांतील सभांमधून शहराच्या भांडवली खर्चाचा अग्रक्रम ठरू लागला. पुण्यातील पद्धत तिच्यापेक्षा बरीच मर्यादित आहे. नागरिक क्षेत्रीय कार्यालयात ठरावीक मुदतीत अर्ज भरून आपल्या प्रभागातील काम सुचवतात. सुरुवातीच्या वर्षांत एका कामासाठी ५ लाख रुपयांची मर्यादा होती. अभियंते कामाची व्यवहार्यता तपासतात, प्रभाग समिती यादी पाहते, आणि मंजूर झालेली कामे अंदाजपत्रकात येतात. पदपथ, बाके, दिवे, बसथांबे, स्वच्छतागृहे अशी ही कामे असतात.

पद्धतीत उणिवा आहेत, आणि त्या झाकण्याचे कारण नाही. पुण्याच्या पद्धतीत एकेकट्याने अर्ज भरायचा असतो, शेजाऱ्यांसमोर आपली मागणी मांडून दुसऱ्याच्या मागणीशी तिची तुलना करण्याची सक्ती नसते. पोर्तो अलेग्रेमध्ये सभा हाच गाभा होता, पुण्यात अर्ज हा गाभा झाला. नागरिक मंच नेमकी ही पोकळी भरू शकतो. मुदत सुरू होण्यापूर्वी प्रभागात सभा घ्यावी, आलेल्या पंधरा-वीस सूचनांपैकी कोणत्या पाच खरोखर निकडीच्या आहेत हे सर्वांसमक्ष ठरवावे, आणि मग त्या पाचांवर प्रत्येकी पन्नास नागरिकांनी अर्ज भरावेत, असे झाले तर त्या अर्जांमागे एक विचार उभा राहतो. काम अंदाजपत्रकात आले तरी ते झाले असे होत नाही, हेही इथे सांगायला हवे. कार्यादेश निघाला का, मोजमाप पुस्तिकेत काय नोंदले आहे, दोषदायित्वाचा कालावधी, म्हणजे काम बिघडल्यास ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून देण्याची मुदत, किती आहे, हे विचारत राहावे लागते. माहितीच्या अधिकारात ही सर्व कागदपत्रे मागता येतात. अर्ज मात्र संस्थेच्या नावाने न करता नागरिक म्हणून स्वतःच्या नावाने करावा, कारण कायद्याने हा अधिकार नागरिकाला दिलेला आहे. राज्य सरकारच्या २०१८ च्या आदेशामुळे स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत अभिलेख प्रत्यक्ष पाहण्याचीही सोय आहे, आणि अर्जाच्या उत्तराची महिनाभर वाट पाहण्यापेक्षा पुष्कळदा ती अधिक उपयोगी पडते.

धोरणाचा प्रश्न तक्रारीसारखा का सुटत नाही

आतापर्यंतचे उदाहरण गाऱ्हाण्याचे होते. धोरणाची चर्चा ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिच्यासाठी सभाही वेगळी लागते. खड्डा बुजावा याविषयी दुमत नसते. रस्त्यावर गाडी उभी करण्यासाठी पैसे घ्यावेत का, हा प्रश्न सभेत आला की त्याच सभागृहात बसलेल्या माणसांचे हितसंबंध एकमेकांवर आदळू लागतात. २०१८ मध्ये पुण्यात पार्किंग धोरणावरून वाद झाला तेव्हा हे स्पष्ट दिसले. दुकानदाराला गिऱ्हाईक तुटण्याची काळजी वाटते, पायी चालणाऱ्याला रस्ता मोकळा हवा असतो, जुन्या वाड्यात राहणाऱ्याकडे गाडी लावायला दुसरी जागाच नसते, आणि यांतील कोणीही चुकीचे बोलत नसतो. अशा प्रश्नावर हात वर करून मतदान घेतले तर सभेला कोण आले होते एवढेच त्यातून कळते.

धोरणचर्चेचा उद्देश म्हणून निराळा असावा लागतो. आलेल्या माणसांनी जाताना प्रश्न अधिक नीट समजून जावे, आपल्याला न दिसलेली बाजू पाहावी, आणि मतभेद नेमका कोणत्या मुद्द्यावर आहे, माहितीवर की मूल्यांवर, हे स्पष्ट व्हावे. त्यासाठी सभेच्या आठवडाभर आधी दोन पानी टिपण लोकांच्या हाती द्यावे लागते. त्यात प्रस्ताव काय आहे, आजचा कायदा काय म्हणतो, खर्च कोणावर पडतो, आणि विरोधकांचे सर्वांत सबळ म्हणणे कोणते, एवढे सोप्या मराठीत असावे. शेवटचा भाग टिपण लिहिणाऱ्यांना फार जड जातो, पण तोच नसेल तर ते टिपण न राहता प्रचारपत्रक होते.

या बाबतीत महाराष्ट्राने शहराऐवजी एका आदिवासी खेड्याकडून शिकण्यासारखे आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे जेमतेम शंभर घरांचे गोंड गाव. “दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार” ही तिथली घोषणा सर्वत्र पोहोचली, वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर मिळालेला सामूहिक हक्क आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आल्याची बातमीही पोहोचली, पण हे ज्या पद्धतीने घडले ती पद्धत मात्र कमी लोकांना ठाऊक आहे. मेंढ्यात ग्रामसभेच्या जोडीला अभ्यासगट चालतो. अभ्यासगटात एखादा विषय घेऊन कितीही वेळ चर्चा होते, बाहेरच्या जाणकाराला बोलावता येते, कोणी काहीही विचारू शकतो, आणि तिथे निर्णय घेतला जात नाही. निर्णय ग्रामसभेत होतो, तो सर्वसहमतीने होतो, आणि तो गावकरीच घेतात, बाहेरचा जाणकार नाही.

ही विभागणी मला अत्यंत मोलाची वाटते. निर्णयाचा ताण नसला की माणूस आपल्याला समजले नाही हे मोकळेपणाने कबूल करू शकतो, मत बदलू शकतो, विरोधकाचे म्हणणे पुन्हा एकदा सांगायला लावू शकतो. निर्णयाच्या सभेत हेच करणे म्हणजे माघार घेणे ठरते. शहरातील मंचांत बहुतेक वेळा दोन्ही गोष्टी एकाच दोन तासांत उरकल्या जातात, वक्त्याचे व्याख्यान संपताच ठराव वाचला जातो, आणि ज्यांना अजून विचार करायचा होता ते गप्प राहतात. त्या गप्प राहण्याला सहमती समजणे ही सभेची सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

विकास आराखडा: मोठी सभा, छोटी मुदत

शहराच्या पुढील वीस वर्षांचा जमीनवापर ठरवणारा विकास आराखडा हा धोरणचर्चेतला सर्वांत अवघड विषय. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यानुसार प्रथम विद्यमान जमीनवापराचा नकाशा तयार होतो, मग प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो, नोटिशीत दिलेल्या मुदतीत नागरिकांनी सूचना व हरकती द्यायच्या असतात, आणि स्थायी समितीचे तीन सदस्य व नगररचनेचे जाणकार म्हणून नेमलेले जास्तीत जास्त चार जण यांची नियोजन समिती त्या ऐकते. अंतिम मंजुरी राज्य सरकारची असते.

पुण्याच्या जुन्या हद्दीचा प्रारूप आराखडा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा ८०,००० हून अधिक सूचना-हरकती आल्या, आणि तो मंजूर व्हायला २०१७ उजाडले. मुंबईत फेब्रुवारी २०१५ मध्ये आलेल्या प्रारूपात उभ्या इमारतींतून रस्ते गेलेले आणि वारसा वास्तू वगळलेल्या आढळल्या. नागरिकांच्या हरकतींचा आणि टीकेचा रेटा इतका वाढला की त्याच वर्षी एप्रिलमध्ये राज्य सरकारने तो दुरुस्त करण्याचा आदेश दिला. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आले आणि २०३४ पर्यंतचा आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला. मुंबईतील चुका लोकांना सापडल्या, कारण कित्येक संस्था आणि वस्तीगट कित्येक वर्षे आधीपासून विद्यमान जमीनवापराच्या नकाशांपाशी थांबले होते आणि आपापल्या भागातील शाळा, मैदाने, दवाखाने नकाशावर आहेत की नाहीत हे जाऊन तपासत होते. प्रारूप आल्यावर जागे होऊन एवढ्या थोड्या मुदतीत हे काम होत नाही.

हरकत लिहिताना एक साधा नियम पाळावा. छापील नमुन्यावर हजार सह्या घेण्यापेक्षा, नकाशाच्या विशिष्ट पत्रकातील विशिष्ट आरक्षणाविषयी, म्हणजे सार्वजनिक वापरासाठी राखून ठेवलेल्या जागेविषयी, सर्व्हे नंबर घालून, बदल काय हवा हे सांगणाऱ्या वीस हरकती अधिक परिणाम करतात. सुनावणीत प्रत्येकाला काही मिनिटेच मिळतात, आणि त्या वेळात “आमच्या भागाचा विचार करावा” असे म्हणणाऱ्याला समिती काय उत्तर देणार? मंचाने सुनावणीपूर्वी आपल्या सभासदांची तालीम घेतली, कोणी कोणता मुद्दा मांडायचा हे वाटून दिले, तर ती मिनिटे कामी येतात.

सभा चालवण्याविषयी थोडेसे

विषयपत्रिका आधी पाठवावी, वेळेवर सुरुवात करावी, बोलणाऱ्याला तीन मिनिटे द्यावीत, हे सर्वांना माहीत असते. त्याहून महत्त्वाचा आणि नेहमी विसरला जाणारा भाग म्हणजे इतिवृत्त. त्यात भाषणांचा सारांश नसला तरी चालेल, पण कोणी काय करायचे कबूल केले आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे असलेच पाहिजे. अधिकारी सभेत “बघतो” म्हणाले, तर दुसऱ्या दिवशी त्यांना नम्र पत्र जावे की कालच्या सभेत आपण अमुक विषय पाहण्याचे मान्य केलेत, आणि त्या पत्राची पोच आवक क्रमांकासह जपून ठेवावी. अधिकारी बदलून जातात. नवा अधिकारी जुन्या अधिकाऱ्याच्या तोंडी आश्वासनाला बांधील नसतो, पण फाइलमधल्या पत्राकडे त्याला पाठ फिरवता येत नाही. मार्च २०२२ मध्ये मुंबई आणि पुण्याच्या महापालिकांची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षे प्रशासकांनी कारभार केला. त्या काळात नगरसेवक नव्हते, प्रभाग समित्या नव्हत्या, आणि नागरिकांना थेट कार्यालयाशीच बोलावे लागत होते. ज्यांच्याकडे जुनी पत्रे क्रमवार लावलेली होती त्यांचे बोलणे निदान मधूनच सुरू होत होते, इतरांना प्रत्येक वेळी पहिल्यापासून सांगावे लागत होते.

तुम्ही कोणाच्या वतीने बोलता?

नागरिक मंचाला सर्वांत अवघड जाणारा प्रश्न नगरसेवक विचारतात, आणि तो रास्त आहे. मला हजारो लोकांनी मते दिली, तुम्हाला कोणी निवडले? या प्रश्नाला पुण्याच्या इतिहासात एक उत्तर सापडते. पुण्यात २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभा स्थापन झाली, तिच्यामागे पर्वती संस्थानाच्या, म्हणजे पर्वतीवरील देवळांची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेच्या, कारभाराविषयीची लोकांची नाराजी होती, आणि तिचे प्राण होते गणेश वासुदेव जोशी, ज्यांना पुढे लोक सार्वजनिक काका म्हणू लागले. या सभेने सभासदत्वासाठी एक विलक्षण अट घातली होती. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने किमान ५० प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे. म्हणजे घरोघर जाऊन, मी तुमच्या वतीने बोलू का, असे पन्नास जणांना विचारल्याशिवाय कोणाला सभेत बसता येत नव्हते. सुरुवातीच्या ९५ सभासदांमागे अशी सहा हजार माणसे होती. मताधिकार नसलेल्या काळात त्यांनी प्रतिनिधित्वाची ही रीत स्वतः घडवली, आणि पुढे न्यायमूर्ती रानडे यांच्या सहवासात सभेने शेतसाऱ्याची चौकशी केली, १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात गावोगावची स्थिती नोंदवून सरकारला कळवली, १८७८ पासून स्वतःचे त्रैमासिक काढले. त्या मुखत्यारपत्रांवर सह्या करणाऱ्यांत कोण होते आणि कोण नव्हते हा प्रश्न आज विचारायलाच हवा, कारण त्या सभेत कुळे आणि मजूर नव्हते, स्त्रिया नव्हत्या. पण विचारल्याशिवाय बोलायचे नाही हा तिचा नियम आजच्या बहुतेक मंचांपेक्षा कडक होता.

आज आपल्या सभांना येतात ते बहुतांशी निवृत्त, सुशिक्षित, स्वतःच्या मालकीच्या घरात राहणारे लोक. त्यांच्या कष्टांमुळेच हे मंच टिकून आहेत आणि त्यांना कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. पण पदपथ मोकळा करा असा ठराव होतो तेव्हा त्या पदपथावर भाजी विकणारी बाई सभेत नसते, आणि पाण्याची वेळ बदला असे ठरते तेव्हा सहाला कामावर निघणाऱ्या घरकामगार मावशींना कोणी विचारलेले नसते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने या बाबतीत एक पाऊल पुढे टाकले आहे. शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडलेले असावेत आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे त्यात लिहिले आहे. सरकारी समितीला जे कायद्याने करावे लागते, ते नागरिक मंचाला आपणहून करता येईल.

क्षेत्रसभेची हद्द मतदान केंद्रांवरून ठरते, आणि मतदारयादी सर्वांना पाहण्यासाठी खुली असते. एखाद्या मंचाने एकच मतदान केंद्र निवडावे, यादी हातात घेऊन इमारती, चाळी आणि वस्ती अशा क्रमाने दारोदार जावे, तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तरे लिहून घ्यावीत. सभा रविवारी सकाळी सोसायटीच्या सभागृहात न घेता वस्तीतील समाजमंदिरात, रात्री साडेआठला, भांड्याधुण्याची कामे उरकून बायका मोकळ्या होतील अशा वेळी घ्यावी. विषयपत्रिकेवर तीनच विषय ठेवावेत, आणि पहिल्या विषयावर पहिल्यांदा बोलण्याची संधी अशा माणसाला द्यावी, जो याआधी अशा सभेत कधीच बोललेला नाही. त्या केंद्राच्या नगरसेवकाला पाहुणा म्हणून बोलवावे, आणि कायद्यानुसार ही सभा त्यांनीच बोलवायला हवी होती याची आठवण देणारे पत्र निमंत्रणासोबत, आवक क्रमांक घेऊन, त्यांच्या कार्यालयात द्यावे.